आमच्या प्रॉपर्टीचे सतरा वारस

लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप उचलून गावी जाऊन राहिलो, तेव्हा अण्णांना पहिल्यांदा कळलं की आपला मुलगा दिवसभर प्रॉपर्टीविषयी बोलतो.

अण्णा ३४ वर्षं तलाठी होते. निवृत्त झाले तरी कान अजून चावडीवरच असतात. मी माजघरात हेडफोन लावून बोलायचो आणि ते ओटीवर पेपर वाचत असल्याचं दाखवायचे. "ती प्रॉपर्टी कुणी ओव्हरराइड केली?" "जुनी प्रॉपर्टी काढून टाकली का अजून आहे?" "टेस्टला एक व्हॅल्यू आणि प्रॉडक्शनला भलतीच, असं कसं चालेल?" पाचव्या दिवशी चहाचा कप पुढं करत त्यांनी हळूच विचारलं, "कुठं घेतलीस?"

"काय?"

"प्रॉपर्टी. व्हॅल्यू भलतीच निघाली म्हणतोस, म्हणजे फसवलंय तुला. सर्च रिपोर्ट काढला होतास का? आणि सूनबाईंना माहीत आहे ना?"

मग सगळं समजावून सांगावं लागलं. मी जावात प्रोग्रॅम लिहितो. एका मालवाहतूक कंपनीचं बिलिंग आमच्याकडे आहे. ते लिहायला स्प्रिंग नावाचा तयार सांगाडा वापरतो, म्हणजे दर वेळी पायापासून खणायला नको. त्या प्रोग्रॅमच्या शेजारी एक फाइल असते. तिच्यात एकेका ओळीवर डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे किंमत. डेटाबेस कुठं आहे, उत्तराची वाट किती सेकंद बघायची, मेल कुणाच्या नावानं जायची, सगळं तिथं. त्या एकेका ओळीला आम्ही प्रॉपर्टी म्हणतो.

"म्हणजे उतारा," अण्णा म्हणाले.

पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढी नेमकी व्याख्या मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ऐकली नव्हती.

"पण वेगळी फाइल कशाला? प्रोग्रॅममध्येच लिहून टाकावं की."

पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. माझ्या लॅपटॉपवर डेटाबेस एका पत्त्यावर असतो, सर्व्हरवर दुसऱ्या. तेवढ्यासाठी प्रोग्रॅम फोडायला नको, म्हणून बदलणाऱ्या गोष्टी बाहेर काढून ठेवायच्या. पण खरं उत्तर मीटिंगमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. एक जण म्हणतो ३० सेकंद थांबू, दुसरा म्हणतो ६०. पाऊण तास होतो. जेवायची वेळ होते. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, "कॉन्फिगरेबल ठेवू या ना!" सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि मंडळी कॅन्टीनकडे निघतात. भांडण मिटलेलं नसतं, फक्त फाइलमध्ये नेऊन ठेवलेलं असतं. आमच्या फाइलमध्ये अशी ६०० वर भांडणं आहेत.

आणि गंमत अशी, की ज्या फाइलमधलं सहज बदलता यावं म्हणून ती काढली, तिलाच कुणी हात लावत नाही. कोड आम्ही खुशाल फाडतो. वर्षातून दोनदा सगळं नव्यानं लिहायचं म्हणून कुणाच्या तरी अंगात येतं. पण डेटाबेसच्या जोडण्या किती ठेवायच्या याची ओळ ३७ वर आहे, ती ३७ वरच. हा आकडा कुठून आला? प्रोजेक्टात सगळ्यांत जुने जे आहेत त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांना विचारलं. काका म्हणाले, "हात लावू नकोस." पुन्हा विचारलं. "अरे, ३० ला रडत होतं, ४० ला डेटाबेसवाले ओरडले." मग ३५ का नाही? काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नात मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचाच का, असं विचारणाऱ्याकडे गुरुजी बघतात.

स्प्रिंगचा जन्मही एका वैतागातून झालेला आहे. २००२ मध्ये रॉड जॉन्सन नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं. जावात मोठे प्रोग्रॅम लिहिणं किती किचकट होऊन बसलंय आणि ते सोपं कसं करता येईल, असा त्याचा विषय. पुस्तकाबरोबर ३० हजारांवर ओळींचा कोड होता. वाचकांनी त्यातलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि कोड उचलला. आधीच्या जड पद्धतीच्या हिवाळ्यानंतरचा वसंत म्हणून त्याचं नाव पडलं स्प्रिंग, आणि मार्च २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

आमच्या प्रोजेक्टात हा वसंत आला तो एक्सएमएलची पालवी घेऊन. चार हजार ओळींची एक फाइल, सगळ्या ओळींना दोन्हीकडून कोनी कंस, जसं सोसायटीच्या भिंतीवर काचा लावतात. कुठली वस्तू कुणाला द्यायची हे त्यात लिहायचं. पुढं २००७ च्या २.५ आवृत्तीत म्हणाले, एक्सएमएल नको, कोडवरच चिठ्ठ्या चिकटवा. २००९ च्या ३.० मध्ये म्हणाले, चिठ्ठ्या आहेतच, पण मांडणी सरळ जावात लिहा. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं आणि म्हणालं, तुम्ही काही लिहूच नका, आम्ही ओळखतो तुम्हाला काय पाहिजे ते. लिहायचंच झालं तर फक्त एक छोटी प्रॉपर्टीज फाइल. त्या छोट्या फाइलमध्ये काय काय लिहिता येतं याची अधिकृत यादी आता शेकड्यांनी आहे आणि ती वाचायला बसलं तर चहा दोनदा करावा लागतो.

नवी पद्धत आली म्हणून जुनी गेली, असं मात्र झालं नाही. ती फडताळात थोडी सरकली, एवढंच. आमच्याकडे चारही पिढ्या एकत्र नांदतात. एक्सएमएलच्या फाइलला आम्ही 'आजी' म्हणतो. तिचं कुणी ऐकत नाही, पण तिला विचारल्याशिवाय सर्व्हर उठत नाही.

आता वारसांकडे येतो. एका प्रॉपर्टीची किंमत स्प्रिंग बूट एकाच फाइलमधून घेतं असं कुणाला वाटत असेल तर तो अजून अविवाहित आहे. किंमत प्रोग्रॅमच्या आतल्या फाइलमध्ये असू शकते, बाहेरच्या फाइलमध्ये असू शकते, सर्व्हरच्या वातावरणात असू शकते, सुरू करताना आज्ञेत लिहिलेली असू शकते, टेस्टमध्ये असू शकते, डेव्हलपरच्या घरच्या फोल्डरमध्ये लपलेली असू शकते. आवृत्ती २ च्या माहितीपुस्तिकेत अशा एकूण १७ जागा क्रमानं दिल्या होत्या. १७! पहिल्या जागी जे सापडेल ते खरं, खालचे सगळे खोटे.

हे ऐकून अण्णा खूश झाले. "हे बरं आहे तुमचं. आमच्याकडे सतरा वारस म्हणजे सतरा वाटे आणि सतरा वकील. तुमच्याकडे वरच्यानं हात लावला की खालच्यांचं नाव कमी. तंटाच नाही."

तंटा नाही कसा? आमच्या एका नव्या मुलाला बुकिंग क्लार्कच्या स्क्रीनवर स्वागत लिहायचं होतं. त्यानं फाइलमध्ये 'यूजर डॉट नेम' अशी प्रॉपर्टी केली आणि किंमत लिहिली 'पाहुणे'. म्हणजे स्क्रीनवर 'नमस्कार, पाहुणे' असं यावं. त्याच्या लॅपटॉपवर आलं त्याचं स्वतःचं नाव. त्याला वाटलं, वा, सिस्टिमनं मला ओळखलं! माझ्या लॅपटॉपवर माझं नाव आलं. आम्ही दोघंही हरखलो आणि सिस्टिम एवढी मनकवडी का झाली याची चौकशी करायचं राहून गेलं. पुढच्या आठवड्यात ग्राहकाच्या कार्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवलं, तर तिथं ठळक अक्षरांत आलं: 'नमस्कार, रूट'.

त्यांचे हेडक्लार्क म्हणाले, "हे रूटसाहेब कोण? आमच्याकडे तर नाहीत."

झालं होतं असं, की 'यूजर डॉट नेम' नावाची प्रॉपर्टी जावा स्वतःच बाळगून असते. मशिनवर ज्यानं लॉगिन केलंय त्याचं नाव तिच्यात असतं, आणि आमच्या सर्व्हरवर तो मालक म्हणजे रूट. सतरा जणांच्या यादीत जावाची ही प्रॉपर्टी नववी, आमच्या आतल्या फाइलचा नंबर पंधरावा. 'पाहुणे' बिचारे दारातच उभे राहिले.

याच्या उलटही होतं. सतरा ठिकाणं असून नेमकी पाहिजे ती किंमत एकाही ठिकाणी नाही. सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी. आणि शाखांची यादी आतल्या फाइलमध्ये चार नावांची असेल, बाहेरच्या फाइलमध्ये तुम्ही पाचवी शाखा म्हणून एकच नाव लिहाल, तर बेरीज पाच होत नाही. एकच उरतो. यादी असेल तर वरचा अख्खी यादी बळकावतो. आम्ही एकदा तीन तास एकट्या पाचव्या शाखेचीच बिलं काढत होतो.

पण खरी जखम वारसांची नाही, नामांतराची आहे.

स्प्रिंग बूटचा एक स्वभाव आहे. फाइलमध्ये त्याला अनोळखी नाव दिसलं की ते काही बोलत नाही. ओरडत नाही, थांबत नाही, खाकरतही नाही. लग्नात कुणीतरी अनोळखी माणूस पंगतीला बसलाय आणि यजमान म्हणतो, असेल बाबा पलीकडच्या बाजूचा. त्यामुळे तुम्ही एक अक्षर चुकवलंत तर तुमची ओळ फाइलमध्ये सुखानं बसून राहते, फक्त तिचं कुणी ऐकत नाही.

मार्च २०१८ मध्ये २.० आवृत्ती आली. त्यांनी घरात आवराआवर केली आणि बऱ्याच नावांची नव्यानं मांडणी केली. आमचं सगळं बिलिंग ज्या पत्त्याखाली चालायचं, तो पत्ता ठरवणारी ओळ होती 'सर्व्हर डॉट कॉन्टेक्स्ट-पाथ'. तिचं झालं 'सर्व्हर डॉट सर्व्हलेट डॉट कॉन्टेक्स्ट-पाथ'. मध्ये एक 'सर्व्हलेट' घुसला. कारण रास्त होतं, आता सर्व्हलेटशिवायचेही सर्व्हर आले होते, तेव्हा ही गोष्ट कुणाची ते स्पष्ट लिहिणं बरं. आम्ही मध्यरात्री अपग्रेड केलं. सर्व्हर उठला. लॉग स्वच्छ. एकही लाल ओळ नाही. काकांनी व्हॉट्सॲपवर गणपती टाकला आणि आम्ही झोपलो.

सकाळी आठला बुकिंग क्लार्कांनी रोजचा पत्ता उघडला आणि प्रत्येकाला ४०४ दिसलं. प्रोग्रॅम ठणठणीत होता, फक्त राहायला दुसरीकडे गेला होता. जुनी ओळ फाइलमध्ये होती, तिचं नाव बदललेलं होतं, आणि अनोळखी म्हणून तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. नऊला ग्राहकाचा फोन आला, "तुमचं सॉफ्टवेअर हरवलंय."

अण्णांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "हे आमचं एकत्रीकरण झालं बघ."

गावोगाव जमिनीचे तुकडे एकत्र केले, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर आले. माणसांच्या तोंडात जुनेच राहिले. अण्णा नोकरीला लागले तेव्हा एकत्रीकरण होऊन वर्षं लोटली होती, तरी म्हातारे येऊन सर्व्हे नंबरच सांगायचे. मग दप्तरात एक तक्ता असायचा, जुना नंबर अमुक, त्याचा नवा गट तमुक. "तो तक्ता मी किती वर्षं वापरला असेन? निवृत्त झालो त्या दिवशीसुद्धा टेबलावर होता."

असा तक्ता स्प्रिंग बूटवाल्यांनीही दिलाय. प्रॉपर्टीज मायग्रेटर त्याचं नाव. प्रोग्रॅममध्ये तो जोडला की सुरू होताना सांगतो, ही तुमची जुनी नावं, ही त्यांची नवी, आणि तूर्त तुमच्या वतीनं मीच पत्ता बदलून घेतो. काम झालं की मला काढून टाका, असंही माहितीत स्वच्छ लिहिलंय. आम्ही तो २०१८ च्या त्या सकाळी जोडला. अजून आहे.

लोकांना वाटतं, ही नावं बदलणारी माणसं आपल्या वाइटावर आहेत. पूर्वी मलाही वाटायचं. मग एकदा आमच्याच टीमनं इतर टीमसाठी एक छोटी लायब्ररी केली आणि मला तिच्यातली एक प्रॉपर्टी काढायची होती. कुणी वापरतच नव्हतं. सगळ्यांना मेल टाकली, दोन आठवडे थांबलो, काढली. तिसऱ्या आठवड्यात एक जण आला. त्याच्या प्रोग्रॅममध्ये ती प्रॉपर्टी 'नाही' अशी लिहिलेली होती. ती नाही म्हटल्यावर तो नाही कशाला म्हणणार, हे त्याला कळेना. मला त्या दिवसापासून स्प्रिंगवाल्यांविषयी माया वाटू लागली. त्यांची अशी गिऱ्हाइकं जगभर आहेत, आणि त्यांतल्या कुणी कुठल्या खुंटीवर काय टांगलंय हे त्यांना कधीच दिसत नाही. ते एवढंच करू शकतात, की एखादी प्रॉपर्टी सरळ काढून न टाकता तिच्यावर खूण करायची: ही आता जुनी झाली, हिच्याऐवजी अमुक वापरा. आधी पिवळा इशारा, नंतर लाल. आणि तो इशारा कोडच्या खिडकीत पिवळ्या रेघेनं दिसतो, जी आपण सगळे जण केसांतल्या कोंड्यासारखी झटकून टाकतो.

त्यांची सगळ्यांत मोठी कसरत मी नोव्हेंबर २०२० मध्ये बघितली. २.४ आवृत्तीत त्यांनी फाइली वाचायची पद्धतच नव्यानं लिहिली. कुठली फाइल कधी वाचायची, एका फाइलच्या पोटात दुसरी कशी बोलवायची, कुठल्या परिस्थितीत कुठला तुकडा लागू करायचा, हे आधीच्या कोडमध्ये इतकं गुंतलं होतं की दोरा ओढला की विजार सुटायची. त्यांनी ते सोडवलं. पण ज्यांचं घर त्या गुंत्यावरच उभं होतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी एक नवी प्रॉपर्टी आली. तिचा अर्थ साधारण असा: 'जुन्या पद्धतीनं वाच, खरं.' म्हणजे कॉन्फिग सोपं केल्याबद्दल कॉन्फिगमध्ये एक ओळ वाढली. आम्ही ती त्याच दुपारी टाकली. नोव्हेंबर २०२२ च्या ३.० मध्ये ती सोय गेली, तेव्हा काका दोन दिवस रजेवर गेले.

मधे २.६ आली. त्याआधी एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन वस्तूंना स्प्रिंग गुपचूप सांभाळून घ्यायचं. हिला ती पाहिजे आणि तिला ही, मग आधी कुणाला जन्माला घालायचं? तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना. २.६ नं सांगितलं, आता हे चालणार नाही, आधी घरातलं मिटवून या. आमच्या प्रोजेक्टात अशा ११ जोड्या निघाल्या. आम्ही 'चालू दे' म्हणणारी ओळ टाकली आणि एकही संसार सोडवला नाही.

त्याच ३.० मध्ये आणखी एक नामांतर होतं. रेडिस म्हणून एक झटपट साठवण असते. तिच्या ओळी 'स्प्रिंग डॉट रेडिस'नं सुरू व्हायच्या, त्या 'स्प्रिंग डॉट डेटा डॉट रेडिस' झाल्या. नाव कळलं नाही तर बूट आपलं ठरलेलं गृहीत धरतं: रेडिस याच मशिनवर, ६३७९ नंबरच्या दारात. आता प्रत्येक डेव्हलपरच्या लॅपटॉपवर रेडिस नेमकं तिथंच चालू असतं. त्यामुळे सगळ्यांकडे सगळं चाललं. सर्व्हरवर मात्र त्या दारामागे कुणीच राहत नव्हतं. "माझ्याकडे चालतंय" हे वाक्य त्या दिवशी आमच्या मजल्यावर आरतीसारखं एका सुरात म्हटलं गेलं.

आणि ३.० ला सगळ्यांत जास्त घाम ज्यात गेला, तो तर चक्क आडनावाचा वाद होता. जावाच्या एंटरप्राइझ भागातली सगळी नावं 'जावाएक्स'नं सुरू व्हायची. ओरॅकलनं तो संसार २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. घर दिलं, भांडीकुंडी दिली. पण 'जावा' हे नाव ओरॅकलच्या मालकीचं. २०१९ पर्यंत बोलणी चालली आणि शेवटी ठरलं, जे आहे ते राहू दे, पण यापुढं त्या नावाखाली नवं काही करायचं नाही. पोर दत्तक दिलं, आडनाव ठेवून घेतलं. मग नवं आडनाव आलं 'जकार्ता'. आमच्या १,४०० फाइलींच्या डोक्यावरचं नाव बदलावं लागलं. अण्णांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मृत्युपत्र नसलं की असंच होतं."

मराठी माणसाला या सगळ्यात एक जादा वाटा मिळतो. जावाच्या जुन्या नियमानं प्रॉपर्टीज फाइल वाचताना पश्चिम युरोपातल्या अक्षरांचाच संच धरतात. देवनागरी त्यात नाही. त्यामुळे बुकिंग क्लार्कच्या स्क्रीनवर 'नमस्कार' लिहायचं तर फाइलमध्ये नमस्कार लिहून चालायचं नाही. प्रत्येक अक्षराचा सांकेतिक नंबर लिहायचा. तिरकी रेघ, यू, शून्य, नऊ, दोन, आठ: हा झाला 'न'. असे तिरक्या रेघांचे सात डबे जोडले की नमस्कार. हे करून देणारं एक अवजार जावाबरोबर यायचं. नेटिव्ह-टू-ॲस्की. 'नेटिव्ह' म्हणजे आपण.

आणि जो ते करायचा विसरेल त्याच्या स्क्रीनवर येतं ते बघण्यासारखं असतं. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी चार काटे फुटलेलं एक वर्तुळ, मग पुन्हा ए, पुन्हा वर्तुळ. मधूनच जपानी येनची खूण. मी एकदा बसून शोधलं की हा येन येतो कुठून. प्रत्येक हलन्तामागे एक येन निघतो, तसाच दीर्घ वेलांटी, उकार, ऋकार आणि मात्रा यांच्यामागेही. म्हणजे 'नमस्कार'ला एक, 'श्रीकृष्ण'ला चार आणि 'वैशिष्ट्यपूर्ण'ला पाच. जोडाक्षरांना आणि वेलांट्यांना एवढा भाव मराठी शाळेत कधी मिळाला नाही. २०१७ च्या जावा ९ पासून भाषांतराच्या फाइलींना युनिकोड चालायला लागला आणि ते अवजारही गेलं. काकांनी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवलीय.

या सगळ्यांतून सुटायला आमच्या आधीच्या मंडळींनी २०१५ मध्येच एक शहाणपण केलं होतं. काही गोष्टींपुरती प्रॉपर्टीज फाइल सोडून यॅमल घेतलं. दिसायला सुरेख. बरोबरची चिन्हं नाहीत, कंस नाहीत, फक्त जागा सोडून लिहायचं. एक जागा कमी सोडली तर मूल बापाच्या मांडीवरून उठून आजोबांच्या मांडीवर बसतं, पण ते सवयीनं जमतं. आता मी जे सांगणार आहे ते मला ३.० च्या अपग्रेडमध्ये सापडलं.

बिलाच्या कोडमध्ये एक तुकडा होता. शाखेचा कोड १८ असेल तर मुंबई. १६ असेल तर पुणे. १५३ असेल तर कोल्हापूर. आणि सगळ्यांत खाली, वेगळाच काढून: कोड '०८३२' अशी अक्षरं असतील तर पणजी.

मी नव्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ग्राहकाचे अंतर्गत कोड असतील. ग्राहकाच्या हेडक्लार्कना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्याच सॉफ्टवेअरनं दिलेत ना? आम्ही त्याप्रमाणे शिक्के करून घेतले." काकांना विचारलं. काका म्हणाले, "हात लावू नकोस."

मी फाइल उघडली. तिथं शाखांचे कोड लिहिले होते ते साधे एसटीडी कोड. मुंबई ०२२. पुणे ०२०. कोल्हापूर ०२३१. पणजी ०८३२. बराच वेळ मी त्या दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो आणि मग एकदम ट्यूब पेटली. जावात यॅमल वाचणारं जे अवजार आहे, ते यॅमलचा जुना १.१ नियम पाळतं. त्या नियमात आकड्याच्या पुढं शून्य असेल तर तो आकडा अष्टमान पद्धतीतला समजायचा. म्हणजे ०२२ हे बावीस नव्हेत, दोन अष्टक आणि दोन: १८. ०२० म्हणजे १६. ०२३१ म्हणजे १५३. पणजी तेवढी वाचली, कारण अष्टमानात आठ हा अंकच नसतो. ०८३२ हा आकडा होऊच शकत नाही, म्हणून त्यानं तो अक्षरं समजून जसाच्या तसा सोडला. या नियमाच्या तावडीतूनही गोवा वेगळाच राहिला.

प्रॉपर्टीज फाइलमध्ये सगळंच अक्षर म्हणून वाचलं जायचं, तोवर काही प्रश्न नव्हता. यॅमल आलं त्या दिवशी मुंबई अठरा झाली. कुणीतरी रात्री बसून बघितलं असणार की १८ येतंय, तर लिहा १८. का येतंय हे विचारायची ती वेळ नव्हती.

मी फोनवर हे अण्णांना सांगितलं. ते हसत सुटले. मग गंभीर होऊन विचारलं, "साताऱ्याचा किती?"

मी हिशेब केला. ०२१६२. "अकराशे अडतीस."

"बरा आहे," अण्णा म्हणाले. "भारदस्त वाटतो."

उपाय अगदी एका मिनिटाचा होता. कोडच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली की तो अक्षर होतो, मग मुंबई पुन्हा ०२२. मी अवतरणं दिली, कोडमधले १८, १६, १५३ काढून खरे एसटीडी कोड लिहिले, टेस्ट केलं, मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठवून दिलं.

सोमवारी हेडक्लार्कचा फोन. "आमचा १५३ कुठं गेला?"

"अहो, तो चुकीचा होता. आता ०२३१ येतो. कोल्हापूरचा खरा कोड."

"ते खरं-खोटं तुम्ही ठरवा. इथं सात वर्षांच्या बॉक्स फाइली आहेत, १५३ अशी पाटी लावलेल्या. ऑडिटर १५३ मागतात. कोल्हापूरच्या ड्रायव्हरांना विचारलं कुठून आलात, तर १५३ वरून आलो म्हणतात. आणि शिक्के?"

शिक्क्यांवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा शाखा, प्रत्येकी दोन शिक्के.

पुढच्या शनिवारी गावी गेलो. अण्णा ओटीवरच होते. चहा आला.

"मग? आता उताऱ्यावर काय लावलंस?"

"दोन्ही," मी म्हणालो. "आत खरा कोड. छापताना जुना. एक तक्ता केलाय, नवा–जुना असा. आणि तो चालू ठेवायला एक प्रॉपर्टी."

"काय नाव ठेवलंस?"

"'जुने कोड वापरा, खरं.'"

अण्णांनी मान डोलावली. "किती दिवसांसाठी?"

"तात्पुरती आहे."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि काही न बोलता उरलेला चहा बशीत ओतला.